जिप्सम सीलिंगला झोळ का येतो: बोर्डाची निवड आणि त्याच्या वरचा आधार

नागपूरच्या मानेवाडा परिसरातील एका गृहस्थांनी विचारले आहे : घर सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. दोन वर्षांपूर्वी बेडरूममध्ये केलेल्या जिप्सम सीलिंगला खिडकीच्या बाजूने झोळ आला आहे. आता १२ बाय १६ फुटांच्या हॉलमध्ये सीलिंग करायचे असून कंत्राटदाराचे म्हणणे असे की, जाड बोर्ड जड असतो म्हणूनच तो झुकतो; त्याऐवजी ९.५ मि.मी.चा हलका बोर्ड घ्यावा, मग दोन-दोन फुटांवर सेक्शन (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसवतात त्या पत्र्याच्या पट्ट्या) टाकले तरी पुरेल. हे बरोबर आहे काय, आणि बेडरूमच्या सीलिंगचे काय करावे?

कंत्राटदाराचे म्हणणे ऐकायला पटण्यासारखे आहे, परंतु ते चुकीचे आहे. सीलिंगचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे आणि सुरुवातीच्या काळात हीच चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बोर्ड दोन सेक्शनांच्या मध्ये लोंबकळतो तेव्हा त्याचे वजन त्याला खाली ओढत असते आणि त्याचा ताठपणा त्याला धरून ठेवत असतो. जाडी वाढली की वजन त्याच प्रमाणात वाढते, मात्र ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ९.५ मि.मी.ऐवजी १२.५ मि.मी.चा बोर्ड घेतला तर वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढेल आणि ताठपणा मात्र सव्वादोन पटींहून अधिक होईल. याचा अर्थ, स्वतःच्या वजनाने येणारा झोळ जाड बोर्डात कमी असतो, जास्त नव्हे. दुसरीकडे, आधारांमधील अंतर वाढले की हाच झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. दीड फुटाचे अंतर दोन फूट केले, की वाढ सहा इंचांचीच दिसते. झोळ मात्र तिपटीहून जास्त होतो. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, म्हणजे पातळ बोर्ड आणि दोन फुटांचे अंतर, तर दीड फुटावर धरलेल्या १२.५ मि.मी.च्या बोर्डाच्या तुलनेत झोळ जवळजवळ साडेपाच पट येतो. हा हिशेब कोरड्या, नव्या बोर्डाचा आहे. दमट हवेत बोर्ड नरम पडतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जातो, तो भाग यात धरलेलाच नाही.

आणि नागपुरात नेमका तोच भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडे लोकांची समजूत अशी, की हवा कोरडी असल्यामुळे सीलिंगला दमटपणाचा धोका फक्त पावसाळ्यात असतो. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची हवा निश्चितच कोरडी असते. घरातली हवा तशी राहत नाही, कारण खिडकीत कूलर लावलेला असतो आणि तो रात्रंदिवस ओली हवा आत फेकत असतो. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडे असेल तर ही हवा निघून जाते. पण उन्हाच्या झळा नकोत म्हणून दारे-खिडक्या लावून घेण्याची सवय अनेक घरांत असते, आणि मग ती ओली हवा छताखाली साचून राहते. त्याच वेळी वरून गच्चीचा स्लॅब तापलेला असतो. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेले असते आणि सतत ५० अंशांच्या आसपास तापमान राहिले तर ते हळूहळू सुटू लागते. म्हणून उत्पादक कंपन्या इतक्या तापणाऱ्या जागी हा बोर्ड कायमचा वापरू नका असे सांगतात. सिमेंटच्या स्लॅबखाली आणि मध्ये हवेची पोकळी असताना बोर्ड सहसा त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. टिनाच्या पत्र्याखाली मात्र पोहोचू शकतो, म्हणून पत्र्याच्या खोलीत उष्णतारोधक थर आणि हवा खेळण्याची सोय केल्याशिवाय मी जिप्समचे सीलिंग करून देत नाही.

आपल्या बेडरूममधील झोळ खिडकीच्या बाजूने आहे, हे वाचताच मला कूलरचा संशय आला. कूलर त्याच खिडकीत बसत असेल आणि त्याच्या जाळीच्या पट्ट्या वरच्या दिशेने वळवलेल्या असतील, तर ओल्या हवेचा झोत थेट बोर्डावर आदळत असणार. ते एकदा तपासून पाहावे.

आता बोर्डाच्या निवडीकडे वळतो. हॉलसाठी १२.५ मि.मी. जाडीचा साधा बोर्ड पुरेसा आहे. मिस्त्री त्याला चार सुती म्हणतात. त्यावर आयएस २०९५ (भाग १) या मानकाचा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करून घ्यावी; ज्याच्या मागच्या बाजूला काहीच छापलेले नाही असा बोर्ड स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. हिरव्या कागदाचा ओलावारोधक बोर्ड स्वयंपाकघर आणि बाथरूमसाठी असतो. युरोपीय मानकाप्रमाणे त्यातील सर्वांत वरच्या दर्जाचा बोर्ड दोन तास पाण्यात बुडवून ठेवला तरी वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषत नाही. हॉलमध्ये कूलर असेल तर कूलरच्या बाजूची एक पूर्ण रांग हिरव्या बोर्डाची करण्याचा सल्ला मी देतो. खर्चात फारसा फरक पडत नाही. मात्र हिरवा बोर्ड म्हणजे गळती सहन करणारा बोर्ड, असा समज करून घेऊ नये. गच्चीतून थेंब थेंब पाणी पडत राहिले तर तोही फुगतो, डागाळतो आणि शेवटी खाली येतो. गुलाबी कागदाचा बोर्ड आगीसाठी असतो आणि त्यात काचतंतू मिसळलेले असतात. राहत्या घराच्या हॉलमध्ये त्याची सहसा गरज पडत नाही. बाल्कनी किंवा पोर्चसारख्या अर्धवट उघड्या जागी जिप्सम न लावता फायबर सिमेंटचा बोर्ड लावावा. तो जड असतो, म्हणून त्याचा सांगाडा वेगळा हिशेब करून बांधावा लागतो.

खरे काम बोर्डाच्या वर असते आणि बोर्ड चढला की ते कोणालाच दिसत नाही. कंत्राटदार बचत करतो ती याच ठिकाणी. आपल्या हॉलचे क्षेत्रफळ १९२ चौरस फूट, म्हणजे सुमारे १८ चौरस मीटर आहे. १२.५ मि.मी.चा बोर्ड दर चौरस मीटरला साडेआठ किलोच्या आसपास भरतो. सांगाडा, स्क्रू, भरणी सगळे धरून एकूण वजन दोनशे किलोच्या घरात जाते. दोनशे किलो डोक्यावर टांगायचे म्हटल्यावर माणूस घाबरतो. पण ते वजन चार-चार फुटांवरच्या लोंबत्या आधारांवर वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सोळा-सतरा किलोच येतात. तितके वजन एक चांगला लोखंडी फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट, सहज पेलतो. अडचण येते ती फास्टनर चुकीच्या जागी बसल्यामुळे.

सांगाड्याची रचना अशी असावी. भिंतीला चारही बाजूंनी पेरिमीटर चॅनल (कारागिरांच्या तोंडी त्याचा ‘पॅरामीटर’ झालेला आहे) दोन-दोन फुटांवर स्क्रूने बसवावा. स्लॅबला लोखंडी क्लीट (काटकोनात वाकवलेला लहान तुकडा) फास्टनरने पक्की करावी, तिला जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची) अँगल पट्टी नटबोल्टने जोडावी आणि तिच्या खालच्या टोकाला इंटरमीडिएट चॅनल लावावा. या चॅनलच्या रांगांमधील अंतर आणि एकाच रांगेतील दोन लोंबत्या पट्ट्यांमधील अंतर, दोन्ही चार फुटांपेक्षा जास्त नसावे. त्या चॅनलखाली, त्याला काटकोनात, सीलिंग सेक्शन दीड-दीड फुटावर कनेक्टिंग क्लिपने अडकवावेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतील जिप्सम सीलिंगच्या वर्णनातही सेक्शनसाठी ४५० मि.मी. आणि लोंबत्या पट्ट्यांसाठी १२०० मि.मी. हेच अंतर दिलेले आहे. त्यामुळे कंत्राटदाराने हे जास्तीचे मागणे आहे असे म्हटले, तर सरकारी कामात हाच किमान नियम आहे असे त्याला शांतपणे सांगावे. सेक्शनच्या पत्र्याची जाडी अर्ध्या मि.मी.च्या आसपास असते आणि इंटरमीडिएट चॅनलची ०.९ मि.मी. असते. बाजारात यापेक्षा पातळ मालही मिळतो आणि तो हाताने दाबला तरी वाकतो. एक तुकडा मागवून स्वतः दाबून पाहावा, किंवा दहा नगांचे वजन करून नामांकित मालाच्या वजनाशी ताडून पाहावे.

दीड फुटाच्या अंतरामागे आणखी एक साधे कारण आहे. आपल्याकडचा नेहमीचा बोर्ड चार बाय सहा फुटांचा असतो. सहा फुटांची लांबी सेक्शनांना आडवी टाकली तर दर दीड फुटाला आधार मिळतो आणि बोर्डाची दोन्ही आखूड टोके बरोबर सेक्शनवर येतात. बोर्डाच्या कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे त्या दिशेने बोर्ड अधिक मजबूतही असतो. काही कारागीर तुकडे वाचवण्यासाठी बोर्ड उलटा फिरवतात, म्हणजे लांबी सेक्शनला समांतर ठेवतात. मग चार फुटांत दीडचा भाग जात नाही, बोर्डाची कड हवेत राहते आणि तिथे पुढच्या उन्हाळ्यात भेग पडते. लांब बाजू सेक्शनला आडवी, आखूड सांधे एका रेषेत न येता विटांच्या बांधकामासारखे आळीपाळीने, हा नियम कधीही मोडू देऊ नये.

फास्टनरबद्दल थोडे अधिक. स्लॅबच्या तळाला प्लास्टर असते आणि जुन्या घरांत ते अनेकदा पोकळ झालेले असते. फास्टनरची पकड प्लास्टरमध्ये नव्हे, काँक्रीटमध्ये हवी. ड्रिल करताना आधी पांढरट, मऊ भुकटी आणि मग करडी, कठीण भुकटी येते. करडी भुकटी सुरू झाल्यानंतर पुरेशी खोली मिळाली पाहिजे, म्हणून प्लास्टर जाड असेल तेथे लांब फास्टनर वापरावा. लाकडी खुंटी किंवा प्लास्टिकचा गट्टू छतासाठी कदापि चालवून घेऊ नये. तो भिंतीवरच्या चॅनलपुरता ठीक आहे. स्लॅबवर हातोडीने ठोकून पाहावे आणि जिथे बद्द आवाज येतो तेथील प्लास्टर काढून टाकावे. प्लास्टरखाली गंजलेल्या सळ्या दिसल्या, तर सीलिंगचे काम तिथेच थांबवून स्लॅबची दुरुस्ती करावी. ती सीलिंगच्या आड झाकण्याची विनंती मला अनेकांनी केली आहे आणि मी ती प्रत्येकाला नाकारली आहे.

काही ठिकाणी अँगलऐवजी तार वापरली जाते. तारेवर सीलिंग उभे राहते, पण तार खाली ओढण्याला विरोध करते, वर जाण्याला करत नाही. दार आपटले, वाऱ्याचा झोत आला, की सगळे सीलिंग किंचित उचलले जाते आणि सांध्यांना बारीक भेगा पडतात. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याबद्दलही हेच. आपल्या लकडगंज बाजारात लाकूड मुबलक मिळते हे खरे, परंतु मे महिन्यात आकसणारे आणि ऑगस्टमध्ये फुगणारे लाकूड बोर्डाचे सांधे टिकू देत नाही. वाळवीचा विषय तर निराळाच.

पंखा हा दुसरा मोठा प्रश्न. पंखा स्लॅबमधील हुकालाच टांगलेला असावा. सांगाड्याच्या चॅनलला पंखा लावणे धोक्याचे आहे, कारण वजन चार-सहा किलोच असले तरी त्याची थरथर सतत चालू राहते आणि क्लिप सैल होत जातात. पंख्याच्या दांड्याभोवतीचे बोर्डातील भोक दांड्यापेक्षा बोटभर मोठे ठेवावे, म्हणजे थरथर बोर्डाला लागत नाही; वरून वाटी येते, त्यामुळे ते दिसतही नाही. स्लॅब दहा फुटांवर असेल तर सीलिंग सहा-सात इंचांपेक्षा अधिक खाली आणू नये. नाहीतर पाती एकतर डोक्याजवळ येतात, नाहीतर सीलिंगला इतकी चिकटून फिरतात की वारा लागत नाही, आणि नागपुरात वारा न देणारा पंखा कोणाला परवडणार? झुंबर किंवा कोणताही जड दिवा असेल तर त्यासाठीही स्लॅबमधून वेगळा आधार घ्यावा.

दिव्यांची जागा सांगाडा बांधण्याआधी ठरवावी. हल्ली छतात लांब एलईडी पट्टी बसवण्याची हौस आहे आणि विजेचे काम करणारा माणूस शेवटी येऊन त्या पट्टीसाठी आडवे येणारे सेक्शन कापून टाकतो. कापलेला सेक्शन म्हणजे मधल्या जागी आधार नाहीसा होणे. लांब खाच हवीच असेल तर ती दोन सेक्शनांच्या मधोमध, त्यांना समांतर घ्यावी, किंवा दोन्ही बाजूंना जादा सेक्शन टाकून कापलेली टोके त्यांना जोडून घ्यावीत.

बोर्ड २५ मि.मी.च्या ड्रायवॉल स्क्रूने, २३० मि.मी.च्या अंतराने बसवावा. स्क्रूचे डोके कागदात किंचित खोल जावे, पण कागद फाटता कामा नये. बोर्डाला धरून ठेवणारी मूळ वस्तू तो कागदच आहे. कागद फाटला की स्क्रू नुसता जिप्सममध्ये राहतो आणि थोड्या ओढीने निसटतो. असा स्क्रू काढून त्याच्या शेजारी दुसरा मारावा. कारखान्यातून आलेल्या कडेपासून स्क्रू साधारण १० मि.मी. आणि कापलेल्या कडेपासून १५ मि.मी. आत असावा. सांध्यांवर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड असावे. साध्या भिंतीच्या पुट्टीने सांधे भरले तर ते वर्षभरात उघडतात. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा आणि त्या दिवसांत खोलीतला कूलर बंद ठेवावा.

वरच्या मजल्यासाठी एक वेगळी सूचना. गच्चीचा स्लॅब दिवसा तापून प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो, त्यामुळे सीलिंग आणि भिंत यांच्या सांध्यात बारीक भेग पडतेच. दरवर्षी ती पुट्टीने भरण्यापेक्षा पहिल्यापासूनच भिंतीलगत अर्ध्या इंचाची सरळ खाच ठेवावी. ती रचनेचा भाग वाटते आणि तिच्या आत होणारी हालचाल दिसत नाही.

काम केव्हा करावे, हेही विचारात घ्यावे. गच्चीच्या जलरोधनाबद्दल थोडीही शंका असेल तर गच्चीवर बांध घालून दोन दिवस पाणी साठवून पाहावे आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ नागपुरात या कामासाठी सर्वांत चांगला असतो, कारण हवा कोरडी असते, कूलर बंद असतात आणि सांधे नीट वाळतात. बोर्ड घरी आल्यावर भिंतीला टेकवून उभे करू नयेत. सपाट जागी, खाली पट्ट्या ठेवून आडवे रचावेत. मी पाहिलेल्या किमान दोन सीलिंगांचे बोर्ड चढण्याआधीच वाकलेले होते.

कंत्राटदाराशी बोलताना एक अट आधीच लेखी ठरवून घ्यावी: सांगाडा पूर्ण झाल्यावर, बोर्ड चढण्याआधी, एक दिवस काम थांबेल आणि आपण मोजमाप घ्याल. त्या दिवशी टेप घेऊन सेक्शनांची अंतरे मोजावीत आणि प्रत्येक लोंबती पट्टी हाताने खाली ओढून पाहावी. ती जराही हलली तर फास्टनर नव्याने बसवायला सांगावे. जागोजागी टेप लावून फोटो काढून ठेवावेत. पुढे पडद्याची पट्टी किंवा दिवा लावताना ते उपयोगी पडतात.

आता बेडरूम. झोळ आलेला बोर्ड खालून टेकू देऊन वर दाबला आणि नवीन स्क्रू मारले तर तो सरळ होईल, अशी आशा काही मिस्त्री दाखवतात. बोर्ड एकदा कायमचा वाकला की तो सरळ होत नाही. दाबल्यावर त्याचा गाभा तडकतो आणि काही महिन्यांत पोट पुन्हा सुटते. त्यावरच दुसरा बोर्ड चढवणे त्याहून वाईट, कारण वजन दुप्पट होते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. झोळ आलेल्या रांगेतील बोर्ड काढावेत. सेक्शन दोन फुटांवर असतील तर प्रत्येक दोन सेक्शनांच्या मध्ये एक जादा सेक्शन टाकावा. अंतर एक फुटावर येईल, तेही उत्तमच. उघडलेल्या भागातून स्लॅबवर ओल दिसते का, तार वापरली आहे की अँगल, हे पाहून घ्यावे. तार असेल तर बाकीचे सीलिंगही काढण्याची तयारी ठेवावी. नंतर त्या रांगेत १२.५ मि.मी.चा हिरवा बोर्ड लावून सांधे नव्याने करावेत. कूलर त्याच खिडकीत ठेवायचा असेल तर त्याच्या पट्ट्या खालच्या दिशेने वळवाव्यात आणि समोरच्या बाजूचे एक दार किंवा झरोका कूलर चालू असेपर्यंत उघडा ठेवावा.

ही उघडझाप हॉलचे काम सुरू करण्याआधी करावी. त्याच इमारतीतला तोच स्लॅब असल्यामुळे प्लास्टर किती जाड आहे, काँक्रीट कसे आहे आणि गच्ची झिरपते की नाही, हे तिथेच कळेल, आणि हॉलसाठी किती लांबीचे फास्टनर मागवायचे तेही ठरवता येईल.